आडवी रेघ

छापखान्याला बाहेरून कुलूप लागून आठ दिवस झाले होते आणि आठव्या दिवशी दुपारी वेलांटीकाकांना सत्तेचाळिसाव्या पानावर एक आडवी रेघ भेटली.

वर्षातून एकदा असं कुलूप लागायचं. सरकारचा अर्थसंकल्प छापायचा म्हणजे आतली बातमी बाहेर जाता कामा नये. म्हणून छापणारे, बांधणारे आणि तपासणारे सगळे, मंत्र्यांचं भाषण संपेपर्यंत आतच. जेवण आत, झोपणं आत, फोन पहिल्याच दिवशी जमा. काका मुद्रितशोधक होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं, आणि बत्तीस वर्षांत ते इतकं चिकटलं होतं की पगारपत्रकावरचं नाव वाचून ते स्वतःच क्षणभर अडखळत. निवृत्तीला चार महिने उरले होते.

काम जोडीनं चाले. मूळ प्रत मोठ्यानं वाचणारा जोडीदार, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, आणि छापील प्रतीवर पेन्सिल फिरवणारे काका. नियम एकच, अक्षराला अक्षर आणि आकड्याला आकडा जुळवायचा, अर्थाच्या वाटेला जायचं नाही.

"सार्वजनिक काम योजना," भोंगा वाचत होता. गेल्या वर्षीची लांबलचक रक्कम त्यानं स्वल्पविरामांसकट वाचली. "यंदाची तरतूद, रेघ."

पेन्सिल थांबली.

"रेघ?"

"रेघच. माझ्याकडे रेघ, तुमच्याकडे रेघ. जमलं लग्न, चला पुढे."

काका पुढे गेले नाहीत. छापखान्याच्या कोष्टकांत आडव्या रेघेचा अर्थ एकच होता: निरंक. काही नाही.

आणि त्याच योजनेवर त्यांची धाकटी मुलगी कामाला होती. कालव्यातला गाळ काढायच्या कामावर ती हजेरी कारकून होती. नोकरी हंगामी; अर्थसंकल्पाचं वर्ष संपलं की आदेशही संपायचा, आणि नवा आला तर आला. अशी पाच वर्षं काढल्यावर यंदा तिला दूरच्या एका गावातल्या शीतगृहातून कायमच्या नोकरीचं पत्र आलं होतं. उत्तर द्यायची मुदत उद्या सकाळी अकरा. काका आत यायला निघाले तेव्हा तिनं विचारलं होतं, "काय करू, बाबा?" काका म्हणाले होते, "बघू." आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांना त्यांचं हेच उत्तर असे.

खरं तर चार दिवसांपूर्वी भाषणाची पानं हाताखालून गेली तेव्हा त्यांना मनातून हायसं वाटलं होतं. नवव्या पानावर वाक्य होतं: 'काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळेपर्यंत हे सरकार तुटीला भिणार नाही.' अर्थसंकल्पातलं वाक्य वाचून छातीत ऊब यावी, असं बत्तीस वर्षांत प्रथमच घडलं होतं. आणि आता ही रेघ. म्हणजे भाषण भरल्या तोंडानं आणि कोष्टक रिकाम्या हातानं. तसंही असतं म्हणा. आपल्याला कोण विचारतो?

तेवढ्यात काकांच्या फोनची पाळी आली. आठव्या दिवशी प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत. व्यवस्थापकाच्या खोलीत सुरक्षा अधिकारी बाई दुसरा रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या. "घर, तब्येत, जेवण," त्या म्हणाल्या. "त्यापलीकडे एक अक्षर गेलं तर मी फोन कापीन, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे."

काकांना ठाऊक होतं. तुरुंग, आणि पेन्शनवर पाणी.

"बाबा, जेवलात का?" मुलीचा आवाज.

"जेवलो. आई?"

"बरी आहे. रक्तदाबाच्या जादा गोळ्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात आहेत म्हणते, सगळी पिशवी उचकत बसू नका."

"बरं."

"बाबा, उद्या अकरापर्यंत त्यांना कळवायचंय. मी इथंच राहू ना?"

बाईंनी मान वर केली. 'राहा' म्हणावं तर पोटच्या पोरीला खड्ड्यात लोटल्यासारखं. 'जा' म्हणावं तर सत्तेचाळिसावं पान तिला वाचून दाखवल्यासारखं. 'बघू' तरी म्हणावं, पण आज तोही शब्द फुटेना.

"बाबा? ऐकताय ना?"

"आई बरी आहे ना?" काका म्हणाले.

"आत्ताच सांगितलं की." मग हळूच, "असू दे. कळलं मला." आणि फोन बंद.

काय कळलं? काका जागेवर परतले, तरी तिचं ते 'कळलं' डोक्यात घोळत राहिलं. आपण गप्प राहिलो तेव्हाच फितुरी झाली की काय? ती आता शीतगृहाला होकार देईल, दूर गावी एकटी राहील. आणि रेघ जर चुकून पडली असेल तर? रक्कम गळाली असेल तर? मग आपण एका छपाईच्या चुकीपायी पोरीला देशोधडीला लावलं.

"मी शंका काढतो," ते म्हणाले.

भोंग्यानं कपाळाला हात लावला. "काका, चार महिने राहिलेत, गप गुमान काढा. तुम्हाला वाचायला ठेवलंय, समजायला नाही."

"पण भाषणात म्हटलंय..."

"भाषणात काय म्हणत नाहीत?"

काकांनी समासात लिहिलं: 'भाषण, पान ९ पाहता येथे रक्कम गळाली आहे काय?' मग खोडलं. आपण हे छापखान्यासाठी विचारतोय की मुलीसाठी, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा शाईनं लिहिलं, म्हणजे खोडायची सोयच नको.

दीड तासानं अर्थखात्याचा तरुण अधिकारी पान हातात घेऊन आला. "ही शंका कोणाची?"

"माझी. चुकलं असेल तर..."

"रक्कम गळालेली नाही."

"म्हणजे योजना बंद?"

"बंद? अहो, किती लोक काम मागतील हे आजच कोण सांगणार? येतील तितक्यांना काम द्यायचं, लागेल तितका खर्च करायचा. बाहेर नोकऱ्या वाढल्या की मागणारे कमी होतील, खर्चही आपसूक उतरेल. आधीच आकडा घातला, तर आकडा संपला की माणसं परत पाठवावी लागतील. मर्यादा नाही, म्हणून रेघ."

"पण साहेब, आमच्याकडे रेघ म्हणजे निरंक."

"कुणाकडे?"

"सगळ्या कोष्टकांत. पहिल्या पानापासून."

अधिकाऱ्यानं मागची पानं उलटली. एक, दोन, पाच. मग तो भोंग्याच्या स्टुलावर बसला. "म्हणजे उद्या सभागृहात विरोधी बाक हेच वाचणार."

"मीसुद्धा तेच वाचलं," काका पुटपुटले.

रेघेशेजारी टिपेच्या खुणेची फुली आली आणि पानाखाली टीप जुळवली गेली: 'रक्कम आधी ठरवलेली नाही. काम मागणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे खर्च होईल.' भोंग्यानं ती खणखणीत आवाजात वाचली. काकांचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते बाईंकडे गेले.

"आणखी एक फोन मिळेल का? एकच शब्द बोलायचाय."

"तोच तर बोलायचा नाही," बाई म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या. त्यांचाही नाइलाज होता.

दुसऱ्या दिवशी अकराचे ठोके पडले तेव्हा काका गठ्ठे मोजत होते आणि तिसऱ्यांदा चुकत होते. दीड वाजता भाषण संपलं, दार उघडलं. सगळे घराकडे निघाले, काका कालव्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. वाटभर त्यांना डोळ्यांपुढे तिची बांधलेली पिशवी दिसत होती.

कालव्याच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडपुढे रांग वळसे घेत रस्त्यापर्यंत आली होती. बायका, बाप्ये, कारखान्यातून कमी केलेले, शिकून घरी बसलेले. रेडिओवर ऐकलं आणि जसे होते तसे आले होते. टेबलाशी मुलगी मान मोडून नावं लिहीत होती.

"बाबा! घरी नाही गेलात?"

"तू त्यांना... शीतगृहाला कळवलंस?"

"नाही. अकरा वाजले तेव्हा हजेरी घेत होते."

"पण मी तर काहीच बोललो नाही."

"म्हणूनच तर. चूक दिसली की तुम्ही गप्प होता, आणि खात्री होईपर्यंत तोंड उघडत नाही. माझे निबंध तपासतानासुद्धा तसंच करायचात. म्हटलं, काहीतरी अजून ठरायचंय. मग आपण कशाला आधी ठरवायचं?"

इतकं मोठं पाऊल तिनं त्यांच्या मुकेपणावर टाकलं होतं! "आणि ते वाईट ठरलं असतं तर?"

"तर ठरलं असतं," ती म्हणाली. पण पेनाचं टोपण तिला लागेना.

"आणि तुझा आदेश?"

"आलेला नाही. मजुरांचं ठरलंय. कारकुनांचं विचारून सांगतो म्हणाले इथले साहेब. महिनाअखेरीला मी मोकळी."

रांगेतली पहिली बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "मग बाई, तुमचंबी नाव घाला की यात. मागेल त्याला काम म्हणालेत. ह्या बाईला सोडून, असं म्हणाले का मंत्री?"

रांग हसली.

"गाळ उपसायला लावतील मला," मुलगीही हसली.

"लावू दे. पाटी कशी उचलायची ते मी शिकवते. पण फुकट नाही हं, तुमच्या डब्यातला अर्धा वाटा माझा."

मुलीचं हसू ओसरलं. वहीतल्या रकान्यावर छापलेलं होतं, 'काम मागणाऱ्याचे नाव'. पाच वर्षं तिनं दुसऱ्यांची नावं तिथं लिहिली होती, भरभर, अक्षरावरून नजर न उचलता. आता पेन कागदावर टेकवून ती थांबली. काकांना वाटलं, हात धरावा. मग वाटलं, धरू नये. तेवढ्यात तिनं लिहिलं: क्रमांक दोनशे चौदा, आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. 'कोणते काम येते' या रकान्यात 'हजेरी, नोंदी' लिहून तिनं पेन उचललं, पुन्हा टेकवलं, आणि शेजारी लिहिलं, 'पडेल ते'.

"उत्तर कधी यायचं?" काकांनी विचारलं.

"पंधरा दिवसांत. सगळ्यांनाच."

"सरका आजोबा," मागून कुणीतरी म्हणालं, "आमचीबी नावं लागायचीत."

काका बाजूला झाले.