जन्मस्थळाचा रकाना

एकतीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात फॉर्म तपासले. लोक फॉर्म वरून खाली वाचतात, मी खालून वर वाचायचो. आधी सही, मग तारीख, मग एकेक रकाना करत वरपर्यंत. खोटं लिहिणारा माणूस वरचे रकाने मन लावून भरतो आणि खाली येईपर्यंत कंटाळतो, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. माझी दुसरी खोड रिकाम्या रकान्यांची. कुणी रकाना मोकळा सोडला की त्याला समोर उभं करून तो भरून घ्यायचो, आणि भरण्यासारखं काही नसेलच तर आत आडवी रेघ मारायचो. मोकळ्या जागेत मागाहून कुणीही काहीही लिहू शकतं. ऑफिसात सगळे मला तोंडावर साहेब आणि पाठीमागे लालपेन्सिल म्हणायचे. आमची ही मात्र तोंडावरच लालपेन्सिल म्हणायची.

हिचं काम रफूचं. सिगरेटने कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की कोटाच्या मालकालाच ते शोधत बसावं लागे. खिडकीपाशी तिची खुर्ची आणि हाताशी दोऱ्यांचा पत्र्याचा डबा. माझ्या डोळ्यांना करडा रंग एकच दिसायचा, तिच्या डब्यात त्याचे सात होते. काम बहुतेक खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून यायचं. हा शिंपी आठ वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आईला घेऊन आलेला. माणूस कामाला चोख. पण जिन्यात त्याने नमस्कार केला की मी फक्त मान हलवायचो, आणि वर येऊन पोचण्याआधीच ही विचारायची, "मान हलवताना दुखते का हो तुमची?"

दोन वर्षांपूर्वी तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता, उजवा वाचवता येण्यासारखा होता. "गेलेली नजर परत येत नाही, आजी. उरलेली सांभाळायची. थेंब घाला, पण शस्त्रक्रियेशिवाय भागायचं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नाव प्रतीक्षा यादीत घातलं. यादी दीड वर्षाची होती. खासगी दवाखान्यात चौकशी केली, तिथला आकडा ऐकून आम्ही दोघं आल्या पावली जिना उतरलो.

मला राग कशाचा आला ते नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं म्हातारा उगाच करवादतो. डोळ्यांच्या विभागात शस्त्रक्रियेची दोन टेबलं होती. त्यातलं एक तीन वर्षं बंद. दुरुस्तीला पैसा नाही म्हणे. आणि त्याच रस्त्यावर, त्याच सरकारने, बाहेरून येणाऱ्यांसाठी काचेचं स्वागत केंद्र उभं केलं होतं. सहा भाषांतल्या पाट्या, आत कारंजं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! कोण किती आले, कुठे राहतात, कुणालाच पत्ता नाही. मी विचारलं तर माझ्याच जुन्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "साहेब, तसं मोजायची पद्धत नाही आता."

लेक परगावाहून फोन करायची. ती म्हणायची, "बाबा, ती माणसं काय हौसेनं येतात का घरदार सोडून?"

"नसतील येत हौसेनं," मी म्हणायचो. "पण पाहुण्यासाठी चार घास जास्त रांधायचे, की घरच्या म्हातारीपुढचं ताट ओढून घ्यायचं? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

यावर ती फोन आईला द्यायला सांगायची.

मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. चौकात टेबल टाकून बसलो. मागणी एकच, आधी मोजा, मग खर्च करा. सह्यांच्या कागदावर पहिली सही माझी. सरकार बदललं, आणि नव्या सरकारने खरोखरच मोजणी काढली. प्रत्येकाने फॉर्म भरायचा. ज्याचं जन्मस्थळ देशाबाहेरचं, त्याच्या सरकारी सोयी पडताळणी होईपर्यंत थांबणार. आमच्या चौकात टाळ्या वाजल्या. कुणीतरी भीत भीत विचारलं की सुक्याबरोबर ओलं जळलं तर? मीच उत्तर दिलं, कर नाही त्याला डर कशाला.

फॉर्म घरी आले तेव्हा हिच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे उरले होते.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी दोन्ही फॉर्म घेऊन बसलो. माझा भरला. हिचा भरत जन्मस्थळापर्यंत आलो आणि थांबलो.

ही गोष्ट जगात आम्हा दोघांनाच माहीत होती. हिचा जन्म पलीकडचा. दहा महिन्यांची असताना आईच्या कडेवर बसून ही सीमा ओलांडून आली. सासऱ्यांनी शाळेत घालताना जन्म इथलाच लिहिला आणि पुढे सगळे कागद त्यावरून झाले. लग्नानंतर सासूबाईंनी शेवटच्या आजारात हे आम्हाला सांगितलं, आणि आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. एकसष्ट वर्षं ही याच गावात होती. पलीकडच्या भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता.

"इथलंच लिहा," ही म्हणाली.

"ते खोटं होईल."

"मग काही लिहू नका. मी दहा महिन्यांची होते, मला काय आठवतंय कुठं जन्मले ते? सोडा मोकळा."

"मोकळा सोडायचा नसतो अगं."

"तुमच्या ऑफिसात नसेल. हे आपलं घर आहे."

मी पेन खाली ठेवलं. खरं सांगतो, पाच मिनिटं मी त्या रकान्याकडे पाहत होतो. मग डोळ्यांपुढे एकतीस वर्षांत परत पाठवलेली माणसं यायला लागली. हात जोडणारी, रडणारी, साहेब एवढं चालवून घ्या म्हणणारी. त्यांना जे चालवून घेतलं नाही ते स्वतःच्या बायकोला कसं घ्यायचं? आणि आतून मला खात्री होती. एकसष्ट वर्षांचे कागद समोर ठेवले की कुठलाही तपासनीस दोन दिवसांत शिक्का मारेल. मी असतो तर मारला असता. मी पलीकडच्या गावाचं नाव लिहिलं, ठळक अक्षरांत.

हिने चष्मा लावून कागद डोळ्यांशी धरला, वाचला आणि सही केली. "कर नाही त्याला डर कशाला, नाही का?" एवढंच म्हणाली, आणि उठून डाळीला फोडणी घातली.

शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी पत्र आलं. सोय स्थगित, पडताळणीनंतर कळवण्यात येईल.

मी तडक कार्यालयात गेलो. माझ्या जुन्या टेबलावर आता माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी बसते. हुशार पोर. तिने यंत्रावर हिचा फॉर्म काढला आणि कपाळाला हात लावला.

"सर, तुम्ही हा रकाना भरलात कशाला?"

"म्हणजे?"

"मोकळा सोडला असतात तर जुन्या नोंदीवरून आपोआप भरला गेला असता. साठीच्या पुढच्या सगळ्यांचा तसाच भरला जातोय. आम्हाला वरून तोंडी सांगितलंय, म्हाताऱ्या माणसांना छळू नका म्हणून. आता तुम्ही लिहून दिलंय, वर काकूंची सही आहे. हे मला खोडता येत नाही, सर. तुम्हीच शिकवलंय."

तिचे डोळे भरले होते. मी तिच्यावर ओरडू शकलो नाही. तिने सांगितलं, तीन आठवडे लागतील.

तीन आठवड्यांनी पुन्हा तीन आठवडे सांगितले. पडताळणीला जी माणसं हवीत ती नेमलीच नव्हती, कारण मोजणीची जाहिरात करण्यातच बरेचसे पैसे गेले होते. मी रोज सकाळी जाऊन बाकावर बसायचो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी नोकरीत असताना हसत ऐकायचो. घर विकून खासगीत जाऊ म्हटलं तर ही म्हणायची, "आता होईलच की पुढच्या आठवड्यात. घर विकून राहायचं कुठं, काचेच्या केंद्रात?" आणि मलाही वाटायचं की होईल. आपल्याच ऑफिसवर माझा विश्वास होता.

तेवढ्यात एका दुपारी शिंपी वर आला. त्याच्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, अचानक एक जागा रिकामी झाली म्हणून तिला बोलावलं होतं. कुठली जागा ते त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "फॉर्मचं काय केलंत?"

"आईचा जन्म इथलाच लिहिला, साहेब," तो सहज म्हणाला. "आमच्याकडच्या सगळ्यांनीच लिहिला. काकूंचं अजून कसं झालं नाही? तुमची तर ओळख आहे तिथं."

तो गेल्यावर मी फोन जवळ ओढला. मोजणी चुकीची होती असं मी आजही म्हणत नाही. घरात कोण राहतं हे घराला ठाऊक असायलाच हवं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि माझ्या एका फोनवर चोर सापडला असता. ही खिडकीपाशी बसली होती. तोंड माझ्याकडे होतं, नजर जरा बाजूला लागली होती.

"फोन करणार असाल तर करा," ती म्हणाली. "पण त्या बाईचा डोळा काढून मला बसवणार नाहीत हो."

मी फोन केला नाही. त्यात माझा चांगुलपणा काही नव्हता, मला त्या म्हातारीचा पट्टी बांधलेला चेहरा दिसत राहिला एवढंच.

हिचं काम कमी कमी होत गेलं. आधी बारीक वीण सुटली. मग एकदा तिने काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने रफू केलं आणि शिंप्याने काही न बोलता तो कोट ठेवून घेतला. ते मला पुढे कळलं. मग ती डबा उघडून दोरे नुसते चाचपत बसायची. एका सकाळी तिने मला हाक मारली. "अहो, यातला करडा कुठला?" मी पाहिलं, तिच्या हातात लाल दोरा होता. मी म्हणालो, "हाच." दुसरं काय म्हणणार होतो?

पडताळणीचं पत्र आलं तेव्हा फॉर्म भरून सहा महिने झाले होते. सोय पूर्ववत, कृपया शस्त्रक्रियेसाठी उपस्थित राहावे. मी हिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं, दिवा विझवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता करून उपयोग नाही. नस सुकली." परत येताना ही माझा दंड धरून चालत होती. काचेच्या केंद्रावरून जाताना तिने विचारलं, "कारंजं चालू आहे ना? आवाज येतोय."

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. अंधांना सरकारकडून मदतनीस मिळतो, त्यासाठीचा फॉर्म. एकच पान. नाव लिहिलं, वय लिहिलं. जन्मस्थळाचा रकाना आला तेव्हा तो मी मोकळा सोडला, रेघसुद्धा मारली नाही. त्याच्या खाली रकाना होता, दृष्टी जाण्याचे कारण.

मी थांबलो. ही समोर बसून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"काय विचारलंय?"

"कारण."

"लिहा की, वय झालं म्हणून."

मी लिहायला लागलो. पेनचा कागदावर आवाज होत होता, बाकी घर शांत होतं. रकाना छोटा होता, मला अक्षर बारीक करावं लागलं. 'शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. पतीने फॉर्ममधील एक रकाना भरल्यामुळे ती रद्द झाली.' खाली मी तिचा अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर उमटवला. तिची सही मोत्यासारखी होती.

"काय लिहिलंत?"

"वय झालं म्हणून," मी म्हणालो.

"एवढ्याला एवढा वेळ?"

मी पेनचं टोपण लावलं. तिने हात पुढे करून टेबलावर माझा हात शोधला, सापडल्यावर त्यावर आपला ठेवला. अंगठ्याची ओली शाई माझ्या हाताला लागली.

"जमलं की हो तुम्हाला खोटं बोलायला," ती म्हणाली. "फक्त सहा महिने उशीर झाला."