करड्या जोडीची तांबूस पिल्लं

थोरलीने वहीत कधी खोटं लिहिलं नव्हतं. शिवणाच्या मापांच्या नाही आणि पाळलेल्या सापांच्याही नाही. म्हणून तिच्यासारखेच साप पाळणारे घड्याळजी तिच्याच खोलीत उभे राहून "बाई, तुमच्या वहीत गडबड आहे," म्हणाले, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोरलीकडे कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाची एक करडी मादी होती. ही जात मुळात तांबूस. तांबडा रंग हरवला की साप करडा होतो. घड्याळजींचा नरही करडाच. करड्याला करडी दिली की पोरं करडी, हे साप पाळणाऱ्यांतलं कुणीही झोपेत सांगेल. पण या दोघांची जोडी लावली, अंडी फुटली आणि चौदाच्या चौदा पिल्लं निघाली तांबूस!

"तुमचा तांबूस नर शेजारच्याच पेटीत असतो ना?"

"पेटीला कुलूप आहे."

"आणि किल्ली तुमच्याकडे," घड्याळजी म्हणाले आणि चपला घालून गेले.

आठवड्याभरात साऱ्या पाळणाऱ्यांत बोभाटा झाला. वीस वर्षं तिच्या शब्दावर साप नेणारी माणसं फोन उचलेनात.

"बरंच झालं, ताई," तिच्याकडेच राहणारी धाकटी म्हणाली. "फ्रीजरमधले सापांच्या खाण्याचे उंदीर जातील, मला बर्फाला जागा होईल."

"बर्फ तू डोक्यावर ठेव," थोरली म्हणाली आणि मादीची पेटी उचलून थेट घड्याळजींच्या दुकानात गेली.

"दोन बंद घड्याळांतून तुम्ही एक चालतं करता ना?"

"करतो की. एकाचं चाक, दुसऱ्याची स्प्रिंग."

"तसंच हे. दोघं दिसायला करडे, पण माझ्या मादीत एक गोष्ट कमी आणि तुमच्या नरात दुसरीच. एकीकडे नाही ते पिल्लाला दुसरीकडून मिळतं."

"घड्याळं अंडी घालत नाहीत, बाई."

"म्हणून तर हिला आणलंय. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. पुन्हा तुमच्याच नराशी लावा. पिल्लं करडी निघाली तर मी खोटी."

"तुमच्या तांबूस नराचं बीज मादीच्या पोटात वर्षभरही टिकेल."

"मग दोन वर्षं एकटी ठेवा."

थोरली दर रविवारी उंदीर घेऊन जाई. नव्या जागेत मादीने पाच आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. पाठीचा कणा दिसू लागला.

"घरी न्या हो," घड्याळजी काकुळतीला आले. "मेली तर माझ्या माथी!"

ही मादी थोरलीने बोटाएवढी असल्यापासून वाढवली होती. पण घरी नेली की सगळं मुसळ केरात. तिने पेटीत एक झाकणाचा डबा ठेवला, त्याला मादी शिरेल एवढं भोक पाडलं, आत कोमट केलेला छोटा उंदीर टाकला आणि दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तासाने डबा रिकामा होता.

दोन वर्षांनी नर सोडला. अकरा अंडी झाली. ओलसर मातीच्या डब्यात, उबदार कपाटात ती दोन महिने राहिली आणि एका सकाळी निरोप आला: अंड्यांना चिरा पडल्या.

धाकटी सोबत गेली. म्हणे बाजारात काम होतं. तिघं डब्यावर वाकून उभे राहिले. एका चिरेतून नाकाडं वर आलं. चिकट, ओलं. रंग कळेना. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. थोरली टेबलाची कड घट्ट धरून होती.

"तांबूस," घड्याळजी म्हणाले.

दुपारपर्यंत दहा पिल्लं बाहेर आली, दहाही तांबूस. अकराव्याची वाट बघायला दुसरा दिवस उजाडला. तेही तांबूस.

घड्याळजींनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. "बाई, चुकलं माझं. नरसुद्धा माझा, किल्लीसुद्धा माझी. काय बोलणार?"

"मला नका सांगू. मला ठाऊक होतं," थोरली म्हणाली. "तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

घड्याळजींनी खिशातून फोन काढला. "जरा बाहेर जाऊन बोलतो."

"इथेच बोला," थोरली म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.