तळातलं कुणी खायचं

मी पळी बोलतेय. चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेली, लोखंडाची, लांब दांड्याची. ऐकायचं तर ऐका, नाहीतर जा, तुमचं ताट निवतंय.

माझ्या जन्माचं कौतुक काही नाही. लोहाराच्या दारात मोडक्या ट्रकचा पाटा पडला होता. त्याने त्यातून आधी विळा केला आणि उरल्या तुकड्याची मी झाले. दांडा जरा वाकडा निघाला, तर म्हणतो कसा, हातात बसायला बराय. आपली चूक गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशी मारायची, ते मी जन्मल्या जन्मल्याच शिकले.

मला घरी आणलं एका शिंप्याच्या बायकोने. बाई खमकी. कुणाला काय वाढायचं, ते तिच्या मनगटाला ठाऊक. नुसत्या गप्पा ठोकणाऱ्याला वरचं पातळ, राबून आलेल्याला तळातलं घट्ट. कुणाची वर मान करायची टाप नव्हती.

ती गेली. पाठोपाठ तिचा लेक गेला, ऐन तारुण्यात, तापाने. घरात उरला म्हातारा शिंपी आणि त्याची सून. भेटायला नातेवाईक आले. त्यांनी दोनदोनदा वाढून घेतलं आणि तरणी पोर आहे, हिला माहेरी धाडा, असं बजावून हात पुसत निघून गेले. माणसाचं पोट भरलं की त्याला दुसऱ्याच्या संसाराचं फार सुचतं. सुनेच्या भावानेही निरोप धाडला, की थंडी जरा ओसरली की न्यायला येतो.

तिला जायचंय का, हे कुणी विचारलं नाही. जायचं नव्हतं तिला. माहेरी भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे, त्यापेक्षा इथे हाताला काम होतं. सासरा कोट शिवायचा, बटणांची काजं ही करायची. भांडं ढवळताना ती पुटपुटायची, राहते म्हणून मीच कसं म्हणू, मामंजींना ओझं वाटलं तर? ती बाहेर गेली की म्हातारा हात शेकत बसायचा आणि तोही पुटपुटायचा, राहा म्हणालो तर वाटेल, म्हाताऱ्याला काजं करायला फुकटची बाई हवीय. दोघांनीही सांगितलं ते चुलीला. चूल काय निरोप पोचवते?

त्यात ती थंडी. बादलीतल्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसा बर्फ. दाराच्या फटीत पोतं कोंबलेलं. अशा दिवसांत दोघांपुरता स्वयंपाक तो किती असणार! मूठभर मसूर, दोन बटाटे, कांदा, एखादं गाजर, सगळं एकाच भांड्यात रटरटायचं. बरोबर कालचा पाव. साधं होतं, पण वास असा सुटायचा की मलासुद्धा जीभ हवी होती.

आणि या दोन शहाण्यांनी त्याचं काय केलं? सून मला तळापर्यंत घालून सगळं घट्ट सासऱ्याला वाढायची आणि स्वतः वरचं पाणी घ्यायची. ती कोळसे आणायला वळली, की म्हातारा आपलं ताट हळूच भांड्यात पालथं करायचा आणि वरचं पाणी ओतून घ्यायचा. मग समोरासमोर बसून दोघं पाणी भुरकायचे आणि वर म्हणायचे, पोट भरलं. सकाळी मसूर तळाशी गिलाव्यासारखे थिजलेले. त्यात पुन्हा पाणी, पुन्हा तेच नाटक.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ती माणसं कसली? तिला वाटे, मामंजींना माझ्या हातचं नकोसं झालंय. त्याला वाटे, हिचं चित्त माहेरी लागलंय, म्हणून घास उतरत नाही. दोघं वाळत चालले. अशा समजूतदारपणाला मी तर मूर्खपणाच म्हणते.

थंडी ओसरायच्या आतच भाऊ येऊन थडकला. लांबून चालत आलेला, भुकेने कासावीस. वाढण्याची वाटसुद्धा पाहिली नाही त्याने. मला उचललं, थेट तळाशी घातलं आणि ताट भरून घेतलं. चार घास झाल्यावर त्याची नजर बाकीच्या ताटांकडे गेली.

"अगं, तू इथे हे पाणी पितेस?" तो बहिणीला म्हणाला. "म्हणून अशी चिपाड झालीस होय!"

"घट्ट मामंजींना वाढते मी," ती म्हणाली.

"मी कुठे खातो?" म्हातारा बोलून गेला. "तुझ्यासाठी परत टाकतो."

भावाला असं हसू आलं की ठसका लागला. मग डोळे पुसून त्याने शिंप्याला सरळ विचारलं, "हिला नेऊ की नको, ते सांगा. मला उजेडात परत निघायचंय."

जन्मभर लोकांच्या छात्या मोजल्या या माणसाने. पण स्वतःच्या छातीतलं बाहेर काढायची वेळ आली, तर म्हणतो काय, "चार कोट पडलेत, काजांवाचून."

मला भांड्यातून उडी घ्यावीशी वाटली.

सुनेने ताट खाली ठेवलं. "कोट राहू देत, मामंजी. मी राहू का, ते सांगा."

म्हाताऱ्याची मान खालीच होती. "राहा, पोरी," तो म्हणाला. "एकट्याला जेवण जात नाही."

झालं. एवढंच होतं. एवढ्यासाठी थंडीचे इतके दिवस पाण्यावर काढले.

भाऊ एकटाच परतला. आता दोघं जेवतात. जेवतात म्हणजे काय, तळ असा खरवडतात की माझी एक कड झिजून तिरकी झालीय. घट्ट कुणी घ्यायचं यावर रोज वाद, पण तोंडाने, मोठ्याने. तोही माझं डोकं उठवतो, ते सोडा.

तुमच्या घरात दोघंच असाल, तर माझं एक ऐका. आम्ही भांडी फक्त वाढायला आहोत, मनातलं सांगणं आमच्याच्याने व्हायचं नाही. आणि मला घासाल तेव्हा राखेने घासा, वाळूने नको, कड दुखते. मागितलं बघा मी. तोंड नसलेल्या लोखंडाला जमलं.