फुलीवाल्या नाकाचा श्वास

शहाण्णव सालची गोष्ट. पनवेलच्या इस्पितळात टेबलावर कमळाबाई होत्या. उभी हयात मिठागरावर गेलेली, आणि हृदयाला जन्मापासूनचं भोक. मांडीतून घातलेली नळी हृदयापर्यंत पोचली होती. आता एकच आकडा हवा होता: बाईंचं शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं? त्यावरून फुफ्फुसातला रक्तप्रवाह निघतो. तो कमी निघाला, तर तिथल्या रक्तवाहिन्या कामातून गेल्या आणि ऑपरेशन म्हणजे मरण.

नाकाला चिमटा लावून, तोंडातल्या नळीवाटे सोडलेला श्वास पिशवीत भरला होता. डॉक्टर देवेशनी हिशेब केला. आकडा वाईट होता.

"ऑपरेशन नाही. नळी काढतो."

"थांबा, सर." सुनंदाताईंनी पर्समधला आरसा बाईंच्या नाकाखाली धरला. आरसा धुरकटला.

सुनंदाताई टेक्निशियन. वीस वर्षं याच कामात. चिमटा बाईंच्या नाकातल्या फुलीवर, म्हणजे चमकीवर, तिरपा बसला होता आणि बराच श्वास पिशवीत न जाता नाकातून पळत होता; म्हणूनच आकडा कमी आला होता.

"मावशी, फुली काढता?"

कमळाबाईंनी नळी तोंडातून काढली. "नाय बाय! मालक भाईर बसलाय. तो जित्ता हाय नि मी फुली काढू?"

"नाकापेक्षा मोती जड," देवेश पुटपुटले. ते फुलीला नव्हे, ताईंना होतं. डॉक्टर हुशार, पण घाईचे.

ताईंनी ऐकून सोडून दिलं. "नका काढू, मावशी. मी धरते नाक." ओलं गॉज घेऊन, फुली सांभाळत त्यांनी दोन बोटांनी नाकपुड्या दाबल्या. बाई शांत होऊन नेहमीसारखा श्वास घेईपर्यंत ताई थांबल्या, मग पिशवी जोडली. तीन मिनिटं वाकून उभ्या. बोटं पांढरी पडली, पण हलली नाहीत. ताईंसारख्या बाईला मी तरी हात जोडतो.

नवा आकडा दीडपट आला. देवेशनी हिशेब दोनदा केला. ऑपरेशन होणार होतं! बाहेर जाऊन त्यांनी कमळाबाईंच्या नवऱ्याला, बुधाजींना, स्वतः सांगितलं, तर म्हातारा तिथेच खाली बसून रडला.

देवेश हसत परतले आणि दारातच थबकले.

"ताई, यंदा तुम्ही रजेवर असताना मी फुली घातलेल्या किती बायकांना 'नाही' म्हटलं?"

"तिघींना," ताई म्हणाल्या. त्यांनी तीन फायली आधीच टेबलावर काढून ठेवल्या होत्या. "दोघी कोन गावच्या, एक पळस्प्याची. पहिल्या दोघी अजून जिवंत आहेत, त्यांना बोलावून पुन्हा मोजू. तिसरीच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जा."