गुनियासाहेबांचा कोपरा

सरळ माणूस म्हणून नाव कमवायला जन्म जातो, आणि एकदा कमावलं की ते उतरवून ठेवायला खुंटी सापडत नाही. तुमसरच्या बाहेर नवी कॉलनी आहे, तिथं यादोरावांचं असंच नाव होतं. जवाहरनगरच्या फॅक्टरीत ते माल तपासायच्या खात्यात होते. दुसऱ्यानं घडवलेला तुकडा हातात घ्यायचा, माप लावायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, ‘रिजेक्ट’. सारी नोकरी त्यांनी या एका शब्दावर काढली आणि मानानं रिटायर झाले. घरी त्यांचा एक स्टीलचा गुनिया होता. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायचं गवंड्याचं हत्यार. यादोराव तो खिळ्याला नाही, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या काचेच्या कपाटात ठेवायचे. कॉलनीत कुणाची चौकट बसवायची असो की जिना बांधायचा असो, गवंडी म्हणायचा, ‘गुनियासाहेबाले दाखवून घ्या.’ साहेब यायचे, डोळा मिटायचे आणि बिचाऱ्या गवंड्याचा रोज बुडायचा.

आयुष्यभर दुसऱ्याचं तपासलेल्या या माणसानं स्वतः एक खिळासुद्धा ठोकला नव्हता, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

यादोरावांच्या मुलाचं, अश्वजितचं, लग्न जुळलं आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मुलाकडं तुमसरलाच करायचं ठरलं. बोलणी करायला यादोराव नागपूरला होणाऱ्या व्याह्यांकडं गेले होते. तिथं चहा घेताना त्यांची नजर वर गेली. भिंत आणि छत मिळतात त्या सांध्यावरून चारी बाजूंनी नक्षीची लाकडी पट्टी फिरवलेली होती. दुकानदार तिला मोल्डिंग म्हणतात. व्याही शिक्षणाचं बोलत होते, यादोराव पट्टीचे कोपरे मोजत होते. परत येताना त्यांनी सागवानी पट्ट्यांचा भारा गाडीच्या टपावर बांधूनच आणला.

सत्यभामाबाईंनी दारातच विचारलं, "सुतार कोन येऊन राहिला?"

"सुतार कायले? मी नाई का?"

बाईंनी भाऱ्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि भाजी निवडायला बसल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट कळली होती, की काही माणसांना सांगून उपयोग नसतो, खर्चू द्यावं लागतं.

मदतीला आले मोतीलाल. हे शेजारी, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, बोलायला बसले तर तलावातली मासोळी काठावर यावी असे. दोन्ही घरांच्या मधून एक गल्ली जाते. भंडारा-गोंदियाची वाटणी झाल्यावर काही वर्षांनी इथं प्लॉट पडले. जिल्ह्याची वाटणी होऊन गेली, या गल्लीची मात्र पुरती झाली नाही. समोरून बैलबंडी जाईल एवढी रुंद, आणि मागं म्हैस अडकेल एवढी अरुंद. मोतीलालनं तेव्हा तक्रार केली, की साहेब, कुणाची तरी भिंत तिरपी आहे. यादोरावांनी गुनिया काढला. सारी कॉलनी जमली. साहेबांनी मोतीलालच्या बाथरूमच्या कोपऱ्याला गुनिया लावला, डोळा मिटला आणि म्हणाले, "भाऊ, तुमची हाय."

मोतीलालनं दुसऱ्या दिवशी बाथरूम पाडलं आणि हातभर आत घेऊन बांधलं. गल्ली आता दोन्हीकडून सारखी रुंद आहे, फक्त विळ्यासारखी वाकली आहे. मोतीलालच्या बायकोला, रेवताबाईला, तेव्हापासून बाथरूममध्ये बादली ठेवली की दार लावता येत नाही. पण मोतीलालनं कधी कुरकुर केली नाही. उलट जो भेटेल त्याला सांगायचा, "शेजारी असावा तर असा. तोंडावर सांगतलं, तुमचं चुकलं म्हणून."

आता खरं काय ते सांगून टाकतो, उगाच ताणण्यात मजा नाही. भिंत यादोरावांचीच तिरपी होती. घर बांधताना हॉलच्या मागच्या बाजूला शोकेस बसेना, तेव्हा त्यांनीच गवंड्याला सांगितलं होतं, "मांगून हातभर घे गल्लीत. कोन पाहून राहिलं?" ते गवंड्याला माहीत होतं, तो परगावी गेला. सत्यभामाबाईंना माहीत होतं, त्या बोलल्या नाहीत. आणि यादोरावांना माहीत होतं, ते विसरले. आपलंच पाप विसरायला माणसाला फार वेळ लागत नाही.

काम सुरू झालं. बाजारातून पंचेचाळीस अंशांच्या खाचा असलेली पेटी आणली. पट्टी पेटीत उलटी धरायची, खाचेत करवत घालायची आणि कापायचं. दोन पट्ट्या पंचेचाळीसच्या कापल्या की मिळून काटकोन होतो. मोबाइलवर पाहून यादोरावांनी हे पाठ केलं होतं. पहिली पट्टी सुलटी धरून कापली, ती वाया गेली. "लाकूड ओलं हाय," ते म्हणाले. मोतीलालनं मान हलवली. मग मात्र आतल्या भिंतीकडचे दोन कोपरे असे बसले की सांधा दिसेना. मोतीलाल स्टुलावर चढून पट्टीचं टोक धरून होता, तो तिथूनच म्हणाला, "वा साहेब, मशीनचं काम हाय."

मग गल्लीकडच्या भिंतीचे कोपरे आले.

पट्टी बसवली तर सांध्याला वरच्या बाजूनं करंगळी जाईल एवढी फट पडली. यादोरावांनी परत कापलं, फट तशीच. तिसऱ्यांदा कापलं, आता फट तशीच राहून पट्टी आखूड झाली. "करवतीचे दात गेले," यादोराव म्हणाले. नवी करवत आली. "पेटी चायना हाय." नवी पेटी आली. मोतीलाल प्रत्येक वेळी स्टुलावर चढून टोक धरत होता आणि लाकूडवाल्याला, करवतवाल्याला, पेटीवाल्याला मनापासून शिव्या घालत होता.

"गुनिया लावून पाहू का साहेब?" एकदा त्यानं विचारलं.

"गुनियाची काय गरज?" यादोराव एकदम म्हणाले. "भिंतीचा काय संबंध?"

मोतीलाल गेल्यावर त्यांनी दार लावलं, कपाटातून गुनिया काढला आणि स्टुलावर चढून त्या कोपऱ्याला लावला. गुनियाचा एक हात भिंतीला टेकला, दुसरा टेकेना. मधून उजेड येत होता. आठ दिवसांवर साक्षगंध. वर पाहणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, भिंत कुणीकडं गेली? आणि खाली मोतीलाल उभा असणार, ज्यानं या माणसाच्या शब्दावर आपलं बाथरूम पाडलं.

सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. "दिसलं का?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"उजेड."

त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्तच लागलं.

सरळ बुद्धीचा माणूस इथं कबूल करून मोकळा झाला असता. यादोरावांनी तसं केलं नाही, त्यांनी हुशारी केली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टाचणीनं जोडल्या, कोपऱ्यात दाबून होता तो तिरपा कोन उचलला, कागदावर त्याचे दोन भाग केले आणि पेटी बाजूला सारून हातानं कापलं. दोन तुकडे वाया गेले. तिसऱ्या वेळी सांधा असा मिळाला की नखसुद्धा शिरेना. दुसराही कोपरा तसाच मिळवला. यादोराव स्टुलावरून उतरले नाहीत, बराच वेळ वरच पाहत राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही घडवलं होतं, आणि ते पास झालं होतं. खोटं झाकायला केलेलं काम एवढं सुरेख होतं याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना नुसता आनंद झाला.

त्या आनंदानंच घात केला. सकाळी मोतीलाल आला, कोपरा पाहून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "मलेही हॉलमध्ये अशीच लावाची हाय. हा नमुना नेऊ का?" खिडकीत त्याच तिरप्या कोनात कापलेले नमुन्याचे दोन तुकडे खिळ्यानं जोडून ठेवले होते.

"न्या ना," यादोराव वरच पाहत म्हणाले.

तासाभरानं शेजारून घणाचा आवाज आला. धप्, धप्. यादोरावांनी पेपर खाली ठेवला. सत्यभामाबाई मागच्या दारातून धावत आल्या.

"अजी, त्यायनं मंगरू गवंडी बोलावला. तुमचा नमुना त्यायच्या कोपऱ्यात बसला नाई म्हणते. हॉलची भिंत तिरपी निंगली म्हणून पाडून राहिले."

यादोराव उठले नाहीत.

"त्यायची भिंत सरळ हाय," बाई म्हणाल्या. "तुमाले मालूम हाय. रेवतानं अंगावरचं सोनं मोडून थो हॉल बांधला हाय."

पुन्हा धप्. आता मात्र यादोरावांना लाज वाटली. खरी लाज, घाम फोडणारी. त्यांनी गुनिया घेतला आणि चप्पल न घालता गल्ली ओलांडली. मोतीलालच्या हॉलमध्ये कोपऱ्याचं प्लास्टर पडलं होतं, मंगरू घण उगारून उभा होता आणि रेवताबाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडं पाहत होती.

"थांब मंगरू," यादोराव म्हणाले. उरलेल्या कोपऱ्याला त्यांनी गुनिया लावला. दोन्ही हात भिंतीला चिकटले, केसभर फट नाही. "पाहा मोतीलालभाऊ. तुमची सरळ हाय. माही तिरपी हाय. घर बांधताना मीच सरकवली गल्लीत. बाथरूम तुमचं बरोबर होतं."

मंगरूनं घण खाली ठेवला. मोतीलालचे डोळे भरून आले.

"साहेब," तो म्हणाला, "माही भिंत वाचावी म्हणून तुमी स्वतःवर घेऊन राहिले. मले समजते."

"मी खरं बोलून राहिलो, भाऊ."

"तुमी कधी खोटं बोलले का? थेच तर. आज पयल्यांदा बोलले, अन् थेही माह्यासाठी."

"हा गुनिया पाहा ना."

"गुनिया जुना झाला, साहेब." मोतीलालनं तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. "मार मंगरू."

मंगरूनं पुन्हा उचललेला घण यादोरावांनी हिसकावला. वयाला न शोभणाऱ्या वेगानं ते गल्ली ओलांडून आपल्या हॉलमध्ये आले आणि त्या तिरप्या भिंतीवर घातला. प्लास्टर सुटलं, चार विटा निखळल्या, आणि वरची सागवानी पट्टी सांध्यातून निघून सोफ्यावर आडवी पडली. अर्धी कॉलनी दारात जमली. "हे घ्या," यादोराव हाफत म्हणाले, "ही भिंत तिरपी हाय. आता तरी ऐका."

लोकांनी ऐकलं. बाबुलाल दुकानदार शेजारच्याला हळूच म्हणाला, "मोतीलालचं नुकसान होऊन राहिलं म्हणून स्वतःची फोडली. आजच्या जमान्यात कोन करते?" मोतीलालनं धावत येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर शपथ घातली, की साहेब तुम्ही थांबा, मीही थांबतो. तेवढं एक भलं झालं. रेवताबाईचा हॉल वाचला.

भगदाड बुजलं, प्लास्टर वाळेना. म्हणून साक्षगंध मोतीलालच्या हॉलमध्ये झालं, त्यानंच हट्ट धरला. त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. मग मोतीलालनं नागपूरच्या व्याह्यांना समोर बसवून सगळी हकीकत सांगितली. बाथरूमची, पट्टीची आणि घणाची.

व्याही गहिवरले. "असं घर भेटलं, पोरीचं नशीब," ते म्हणाले.

"व्याहीसाहेब," यादोरावांनी शेवटचा प्रयत्न केला, "भिंत खरंच माहीच तिरपी होती. मोतीलालभाऊची जागा मी खाल्ली."

व्याह्यांनी उठून त्यांना मिठी मारली. मोतीलालनं डोळे पुसले. यादोरावांनी मान खाली घातली, आणि साऱ्या हॉलनं पाहिलं, की माणूस एवढा मोठा असून किती नम्र आहे.

रेवताबाई तेवढी गहिवरली नाही. बुंदीची वाटी तिनं यादोरावांच्या समोर ठेवली आणि इतरांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात विचारलं, "मंग भाऊजी, बाथरूम कधी बांधून देता?"