जिवंतपणी विमानात

१९३३ साली धारवाडच्या माळावर विमान उतरलं, त्या आठवड्यात आमच्या घरात माझ्याशी कुणी धड बोलेना. लोकांना दहा मिनिटं आभाळात फिरवून आणणारी एक मंडळी गावात आली होती आणि मी माझ्या पगारातून तिकीट काढलं होतं.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. धारवाडच्या पश्चिमेला मलनाडाचं रान, पूर्वेला काळ्या मातीचं उघडं मैदान, असं अकरा वर्षं नकाशावर छडी ठेवून सांगत आले. स्वतः पाहिलं होतं कधी? नाही. ते मला पाहायचं होतं.

घोळ घातला एका शब्दाने. आमची शेजारीण शिवलिंगव्वा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला सजवलेल्या डोलीत बसवून नेतात आणि त्या डोलीला म्हणतात विमान. बिचारी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ब्याडव्वा, नको गं अंबक्का, जाऊ नको! विमानात बसलेलं माणूस परत येतंय का कुठं?"

तिची माया मला कळली. पण अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, वादिराज वकिलाने, तो शब्द बरोब्बर उचलला. एरवी तिच्या घरचं पाणी न चालणाऱ्या अण्णाला तिचं विमान मात्र चाललं! विधवा बहीण आभाळात हिंडली तर लोक काय म्हणतील, हे त्याचं खरं दुखणं.

"अंबू, विमानात बसलीस तर तू आम्हांला मेलीस. या घरात पाऊल ठेवायचं नाही."

एकट्या विधवेला खोली देणारं गावात कुणी नव्हतं. तरी गेले.

पदर घट्ट खोचून पायलटच्या मागे बसले. विमान उडालं तसे डोळे गच्च मिटले. मग स्वतःवरच चिडले. बये, डोळे मिटायला आलीस का? उघडले. एकीकडे हिरवं, दुसरीकडे काळं, आणि मधे नकाशातली रेघ नव्हतीच. हिरवं विरत विरत काळ्यात जात होतं. अकरा वर्षं पोरींना चुकीचं शिकवलं! मी मोठ्याने हसले.

घरी आले तर उंबऱ्यात अण्णा, ओसरीवर बाळाचार्य भटजी आणि अंगणात भरलेली घागर. साफ हाकलायचा धीर झाला नसावा. सहा माणसांचा स्वयंपाक मीच करत होते.

"डोक्यावरून आंघोळ कर, मग आत ये," अण्णा म्हणाला.

शेजारपाजार जमला होता. शिवलिंगव्वा मला बघून देवाला हात जोडत होती.

"आचार्य," मी विचारलं, "अण्णा म्हणतो मी मेले. माणूस मेलं की आंघोळ कुणी करायची? मेलेल्याने, की घरच्यांनी?"

बाळाचार्य भित्रे, पण शास्त्र खोटं सांगणारे नव्हेत. "घरच्यांनी," ते खाली बघत म्हणाले.

मी घागर उचलून अण्णाच्या पायाशी ठेवली. "घे, अण्णा. आता सुतक पाळ. आणि मेलेली बाई चूल पेटवत नाही, तेवढं ध्यानात ठेव."

अण्णा बाजूला झाला. मी कोरड्या अंगाने घरात गेले.