कुंकवाची बाजू

तांदळाचा एक दाणा — हळदीने पिवळा, दवाने फुगलेला — बोटाच्या पेराला चिकटून बसला होता, आणि गुन्हा कबूल केल्याशिवाय त्याला सोडायचंच नाही अशा नजरेने रंगराव त्याच्याकडे पाहत होता. पण एवढीशी अक्षता आवाज कसला करणार? गवत कापायच्या मशीनच्या पात्यात सापडली तर तिचं पीठ होईल. चमचा असता तर गोष्ट वेगळी, जोडवं असतं तरी चाललं असतं... लग्नाच्या दुसऱ्या दिवशी या लॉनवर काय सापडत नाही — सेफ्टी पिना, फेट्याचा तुरा, एकदा तर कुणाची तरी कवळी, जी न्यायला शेवटपर्यंत कुणी आलं नाही आणि जी अजून ऑफिसच्या खणात हसत पडली आहे. आज नेमकं काहीच सापडेना. एक टाचणीसुद्धा नाही, म्हणजे लोक आता फारच व्यवस्थित वागायला लागले होते आणि त्याचा रंगरावला मनापासून राग आला.

मलकापूरबाहेर, हायवेला लागून असलेल्या या लग्नाच्या लॉनवर तो गवत कापायची गाडी चालवायचा. गाडीच म्हणायची ती — बसायला सीट, हातात स्टिअरिंग, आणि पोटाखाली लोखंडी झाकणाच्या आत गरगरणारं एक लांब पातं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला हे खेळणंच वाटायचं. डेपोत त्याच्या कानाचं नाव होतं. बस फाटकातून आत वळतानाच तो चहाचा पेला खाली न ठेवता सांगायचा, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं, आणि खोलून पाहिलं की गेलेलंच असायचं. लोक चेहऱ्याने ओळखले जातात, मी कानाने ओळखला गेलो. असं माणूस मोठ्याने बोलत नाही, पण मनात धरून असतो.

तर दसऱ्यानंतर कधीतरी हे सुरू झालं. आधी पातं गुणगुणायचं. आता — फर्र... खस. फर्र... खस. आणि हा आवाज जगात फक्त रंगरावला येत होता. लॉनच्या मालकीणबाई संजीवनीताई म्हणजे डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून हिशेब सांगणाऱ्या बाई, त्यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, मले तं नेहमीसारखंच वाटून राह्यलं." गवताची टोकं पिवळी पडत होती ती खाऱ्या पाण्याने, असं त्यांचं मत, या भागात कशालाही काहीही झालं की कारण म्हणून खारं पाणी हाताशी असतंच. गोड्या पाण्याचा टँकर बोलवायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

घरी तर वेगळंच. "मशीन नाही वाजून राह्यलं, तुमचा कान वाजून राह्यला," बायको, सुभद्राबाई, म्हणाली होती — टीव्हीचा आवाज कमी करत, जो त्याला आधीच कमी वाटत होता. त्यात परवा कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन वरण करपलं, आणि तो शेजारीच पेपर वाचत बसलेला. सुनेने, अर्पिताने, बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. उद्याचाच. मग जेवता जेवता तो चिडून बोलून गेला, आवाज मशीनचा निघाला तर मी येत नाही, आणि नाही निघाला तर कानात जे काय घालाल ते मुकाट्याने घालतो. सुनेसमोर बोललेला शब्द... तो परत घेता येत नाही, तिथे गिळलेला घाससुद्धा मोजला जातो.

म्हणून आज सकाळपासून, आयुष्यात पहिल्यांदा, रंगराव मनातल्या मनात देवाला विनवत होता की मशीन बिघडलेलं असू दे.

त्याने आधी पट्टा पाहिला. चांगला होता. मग जुनी युक्ती — मशीन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली; बेअरिंग खराब असेल तर कानात वाळू दळल्यासारखं होतं. उजव्या कानाला लावली, काहीच नाही. डाव्याला लावली तर बेअरिंग आत मजेत फिरत होतं. स्क्रूड्रायव्हर जुना झाला, रंगरावने ठरवलं.

मग प्लगची वायर काढली, जॅक लावला, लाकडी ठोकळे सरकवले आणि तो पाठीवर झोपून आत शिरला. वर झाकणाच्या पोटात ओलं गवत थापून बसलं होतं. पूर्वी असं बसायचं नाही, पातं वारा करून ते बाहेर भिरकावून द्यायचं... त्याने बोटाने गवत खरवडलं, हात पात्याच्या वरच्या अंगाला गेला आणि बोट लाल झालं. रक्त? नाही. कुंकू. नटाच्या आडोशाला, ग्रीसमध्ये कालवलं जाऊन टिकून राहिलेलं. आणि रंगरावने, पाठीवर पडल्या पडल्या, हात जोडून पात्याला नमस्कार केला. हात आपोआपच गेले. मग ते जोडलेलेच राहिले, कारण डोक्यात काहीतरी फिरायला लागलं होतं.

खंडेनवमी. इथल्याच शेडमध्ये पाट मांडलेला, पाटावर नट खोलायचे पाने, स्क्रूड्रायव्हर, सुभद्राबाईची कात्री आणि मध्ये धार लावून, धुऊन पुसून ठेवलेलं पातं — गुळगुळीत अंग वर. तिने त्यावर कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो पातं बसवायला घेतो तर ती मागे उभी. "कुंकवाची बाजू मातीकडं? अहो, काही वाटते का तुम्हाले?" आणि त्याला खरंच वाटलं. इतक्या बसगाड्यांना हार घातले, कधी कुंकवाला माती लागू दिली नाही. त्याने पातं पालथं केलं, कुंकू वर घेतलं, नट आवळला, आणि मनाला फार बरं वाटलं होतं त्या वेळी...

म्हणजे धार मागे. बोथट पाठ पुढे. दसऱ्यापासून गवत कापलं जात नव्हतं, बदडलं जात होतं, म्हणूनच टोकं पिवळी. पात्याचे वळवलेले कान, जे वर असायला हवेत, ते खाली घासत होते — फर्र... खस.

माझा कान खरा होता! त्याला तिथेच, गवत तोंडावर पडत असताना, हसू फुटलं. कान खरा आणि हात गाढव. पण कानाला साक्षीदार हवा, आणि साक्षीदार आणायचा तर हातालाही हजर करावं लागणार. गुपचूप पातं फिरवून बेअरिंगच्या नावावर खपवावं, असं क्षणभर मनात आलंही... पण ताईंचा तो टँकर, तो फुकटच आला असता. त्याने हाक मारली.

"पातं उलटं होतं ताई."

"कोनं बसवलं?"

"दसऱ्यानं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे मीच. कुंकू खाली जात होतं म्हणून."

संजीवनीताई हसल्या. हसता हसता थांबल्या. "पण मंग आता सुलटं बसवलं तं कुंकू खाली नाही का जाणार काका?"

 ताईंनी स्वच्छ फडकं भिजवून आणलं, चप्पल बाजूला काढली आणि रंगरावने खोलून दिलेलं पातं स्वतः पुसलं. फडकं तुळशीपाशी पिळून आल्या. मग ते सुलटं बसलं.

गाडी सुरू झाली आणि पातं गुणगुणायला लागलं. तेच, जुनं, एकसारखं. "मले तं तसंच वाटून राह्यलं," ताई म्हणाल्या, पण मागे उमटत गेलेला गवताचा सारखा पट्टा पाहून त्यांनी मान डोलावली आणि टँकर नको म्हणून सांगायला आत गेल्या.

रंगरावने सीटवर बसूनच घरी फोन लावला. "मशीनच वाजत होतं," तो म्हणाला, जितकं साधेपणाने म्हणता येईल तितकं. आणि ऐटीत किल्ली फिरवून मशीन बंद केलं.

"बरं," सुभद्राबाई म्हणाली. "मंग अर्पिताले सांगते, उद्याचं राहू दे म्हनून."

पातं थांबलं. हायवेवर त्या वेळी एकही ट्रक नव्हता. आणि त्या शांततेत एक आवाज शिल्लक होता... बारीक, तारेसारखा, न थांबणारा. रंगराव सवयीने वाकून पात्याकडे पाहू लागला. मग त्याने मान हळूच उजवीकडे वळवली. आवाजही वळला. डावीकडे वळवली. तिकडेही आला.

"आयकून राह्यले ना? राहू दे म्हनते मी."

ती ओरडत होती. रागाने नव्हे — घरात तो समोर बसलेला असतानाही ती याच आवाजात बोलायची, मीठ मागतानासुद्धा, आणि हे कधीपासून चाललं होतं ते त्याला आठवेना. तिचा मूळचा आवाज कसा होता? त्याने आठवून पाहिला. बसचे सगळे आठवले. त्याला एकाएकी फार वाईट वाटलं.

"सुभद्रा, हळू बोल ना जरा," तो म्हणाला. "पहिल्यासारखी."

फोन चालू होता. ती बोलत असणार. तिकडून उबदार असं काहीतरी येत होतं, पण शब्द नव्हते. त्याने घाईघाईने फोन डाव्या कानाला नेला, तोवर तिचं बोलून झालं होतं आणि ती उत्तराची वाट पाहत होती.

"हाव," रंगराव म्हणाला.